पीएल पीक १.८२ वरून हलवायचाय? आधी ६० मिलिईव्ही कुठे गेले ते बघा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्याच एका लॅबमध्ये पीएचडीचं दुसरं वर्ष, सीव्हीडीने (गरम भट्टीत वाफेतून थर वाढवायची पद्धत) सिलिकॉनवरच्या ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर मोलिब्डेनम डायसल्फाइडचे मोनोलेयर, म्हणजे एकाच थराचे, ट्रँगल वाढवलेत, ५३२ नॅनोमीटरच्या लेझरने पीएल (फोटोल्युमिनेसन्स, लेझर पडल्यावर मटेरियल स्वतः देतं तो उजेड) घेतला की पीक १.८२ इलेक्ट्रॉन व्होल्टला येतो, पेपरांत मात्र १.८८ च्या आसपास दिसतो. आणि खरं काम हे की पीक मनाप्रमाणे पुढेमागे करता यायला हवा. गाइड म्हणतात अ‍ॅलॉय (दुसरं मूलद्रव्य मिसळून वाढवणं) करा, सिनियर म्हणतो लेयर्स बदल, आणि वाचायला बसलं तर स्ट्रेन (ताण), गेट (व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन कमीजास्त करणं), केमिकल डोपिंग (तेच रसायनाने), ट्विस्ट (दोन थर कोन देऊन ठेवणं), सगळंच चालतं असं दिसतं. मग सुरुवात कुठून करायची?

माझं म्हणणं असं की आत्ता काहीच ट्यून करू नका. १.८२ आणि १.८८ मध्ये ६० मिलिईव्हीचं (मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट) अंतर आहे आणि ते सहसा कुणा एकाने खाल्लेलं नसतं, तीन जण मिळून खातात, वाढवताना बसलेला स्ट्रेन, आपोआप आलेलं डोपिंग आणि तुमचा स्वतःचा लेझर. यातला कोण किती खातोय हे कळलं नाही तर पुढे तुम्ही स्ट्रेन द्याल, पीक हलेल, आणि हललेला भाग स्ट्रेनचा की ट्रान्सफर करताना डोपिंग बदललं त्याचा हे पेपर तपासणाऱ्या रेफरीने विचारलं की बसाल डोकं धरून. हे मटेरियल एका रेणूइतकं जाड, म्हणजे ०.६५ नॅनोमीटर, त्यामुळे खाली काय, वर काय, हवा किती दमट, सगळं त्याला लागतं. म्हणून तर ट्यूनिंग इतकं सोपं वाटतं आणि म्हणूनच फसवं आहे.

आधी सिनियरचा लेयर्सचा मुद्दा निकालात काढू कारण तो लवकर निघतो. बल्क, म्हणजे जाड, मोलिब्डेनम डायसल्फाइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी एनर्जीची दरी) इनडायरेक्ट, म्हणजे उजेड सहज न देणारा, साधारण १.३ ईव्ही, आणि मोनोलेयरचा डायरेक्ट, म्हणजे उजेड सहज देणारा, हे २०१० मध्ये कोलंबिया आणि बर्कलीच्या ग्रुप्सनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं आणि तिथून हा सगळा बाजार सुरू झाला. पण लोक यातून असा अर्थ काढतात की लेयर्स मोजून कमीजास्त केले की रंग हवा तसा मिळतो. तसं नाहीये. इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या नकाशावर के आणि गॅमा अशा दोन जागा महत्त्वाच्या. के पॉइंटवरच्या स्टेट्स मुख्यतः मोलिब्डेनमच्या डी ऑर्बिटल्सच्या असतात, मेटलचा अणू दोन सल्फरच्या मध्ये दाबून बसलेला, त्याला शेजारच्या लेयरचं फारसं कळतच नाही. गॅमा पॉइंटवरच्या स्टेट्समध्ये सल्फरचं पी-झेड मिसळलेलं असतं, ते बाहेर डोकावतं, त्यामुळे लेयर वाढला की गॅमाची पातळी वर सरकते आणि गॅप इनडायरेक्ट होतो. म्हणजे लेयर्स बदलून पीएलचा मुख्य पीक (त्याला ए एक्सायटॉनचा पीक म्हणतात) थोडासाच हलतो, पण उजेड मात्र धाडकन कमी होतो, कोलंबियाच्या मापात मोनोलेयरची एफिशियन्सी बल्कच्या १० हजार पटीहून जास्त होती. थोडक्यात मॉलीसाठी, म्हणजे आपल्या मोलिब्डेनम डायसल्फाइडसाठी, लेयर्स हा चालू-बंदचा खटका आहे. ब्लॅक फॉस्फरसची गोष्ट वेगळी, तिथे बल्कला ०.३ ईव्ही आणि मोनोलेयरला दीडच्या वर, मधलं सगळं लेयर्स मोजून मिळतं, पण ते हवेत टिकत नाही, ग्लोव्हबॉक्स (हवा न शिरणारी पेटी) नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता ते ६० मिलिईव्ही.

पहिला संशयित स्ट्रेन. तुम्ही ७५० अंशाच्या आसपास वाढवता आणि थंड करता, मॉली साधारण ६ ते ७ पीपीएम प्रति केल्विनने आकसतं, खालचं सिलिकॉन त्या रेंजमध्ये सरासरी ३ ते ४ ने. मॉलीला जास्त आकसायचं असतं पण ते खाली चिकटलेलं असतं, म्हणून ताणलेलंच राहतं. ढोबळ हिशोब करा, ३ पीपीएमचा फरक गुणिले सव्वासातशे केल्विन म्हणजे सुमारे ०.२ टक्के, दोन्ही दिशांनी. अशा बायअ‍ॅक्सियल (दोन्ही दिशांच्या) स्ट्रेनला ऑप्टिकल गॅप, म्हणजे पीएल पीकची जागा, टक्क्याला जवळपास १०० मिलिईव्ही खाली येतो, म्हणजे इथेच २० गेले. हेच फ्यूज्ड सिलिकावर वाढवलं असतं तर तो जवळजवळ आकसतच नाही, स्ट्रेन ०.४ टक्क्याच्या वर जातो आणि ४० ते ४५ मिलिईव्ही जातात. सफायरवर मात्र आकसणं मॉलीच्या बरोबरीचं असल्यामुळे स्ट्रेन नावापुरता. तर सब्स्ट्रेट निवडणं हेच मुळात ट्यूनिंग आहे, फुकटातलं, आणि ते आपल्याकडे फार कमी लोक मुद्दाम वापरतात. बहुतेक ठिकाणी वेफर कपाटात जो पडलाय त्यावर वाढवायचं असा कारभार.

एक अट आहे. हा हिशोब फ्लेक, म्हणजे तो ट्रँगल, खाली घट्ट धरून बसलाय असं मानून केलाय. कडेला तो सुटतो, मध्ये धरून राहतो, म्हणून एकाच ट्रँगलवर मध्य आणि कोपरे यांचा पीक १० ते १५ मिलिईव्हीने वेगळा दिसला तर घाबरू नका, ती माहितीच आहे. एका पॉइंटवरचा पीएल घेऊन तो "सॅम्पलचा पीएल" म्हणून लावणं हे मात्र थांबवा, निदान एका ट्रँगलचा तरी मॅप हवा.

दुसरा डोपिंग. सीव्हीडी मॉली जवळजवळ नेहमीच एन-टाइप, म्हणजे जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेलं, निघतं, सल्फरच्या रिकाम्या जागा, ऑक्साइडमधले चार्जेस, सगळ्यांचा हातभार. जास्तीचा इलेक्ट्रॉन असला की एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांची जोडी) त्याला धरून ट्रायॉन बनवतो आणि ट्रायॉन एक्सायटॉनपेक्षा साधारण २० मिलिईव्ही खाली, डोपिंग वाढलं की हे अंतर ३० ते ४० पर्यंत. रूम टेंपरेचरला दोन्ही पीक इतके रुंद असतात की वेगळे दिसत नाहीत, एकच फुगलेला पीक दिसतो ज्याचा डावा, म्हणजे कमी एनर्जीचा खांदा जड असतो. मग लोक म्हणतात पीक सरकला. सरकला काही नाही, दोघांच्या मापात फरक पडलाय. तुमचा पीक किती रुंद आहे हे प्रश्नात लिहिलेलं नाही, पण ७० ते ८० मिलिईव्हीच्या वर रुंदी असेल आणि आकार तिरका असेल तर इथे २५ मिलिईव्ही सहज गेलेत असं धरा. दोन लोरेंट्झियनने (घंटेसारखा पीकचा गणिती आकार) फिट करा, पण पॅरामीटर मोकाट सोडून नाही, कारण दोन पीक दिले की सॉफ्टवेअर काहीही बसवून देतं. ट्रायॉनचं अंतर एका शहाण्या रेंजमध्ये बांधा आणि सगळ्या सॅम्पलला तीच बंधनं ठेवा.

तिसरा तुमचा लेझर. १०० एक्सचा ऑब्जेक्टिव्ह, ०.९ एनए (उजेड किती बारीक गोळा होतो त्याचं माप), ५३२ नॅनोमीटर, स्पॉट ०.७ मायक्रॉनच्या आसपास. सॅम्पलवर १०० मायक्रोवॅट पडले तरी चौरस सेंटीमीटरला सुमारे २५ किलोवॅट होतात. बरेच जण रामनसाठी (लेझरने अणूंची थरथर मोजायची पद्धत) लावलेली एक-दोन मिलिवॅटची पॉवर तशीच ठेवून पीएल घेतात. रूम टेंपरेचरच्या आसपास पीक एका केल्विनला साधारण ०.३ ते ०.४ मिलिईव्ही खाली येतो, तर स्पॉट ३० केल्विनने तापला की १० मिलिईव्ही गेलेच. शिवाय जास्त पॉवरला एक्सायटॉन एकमेकांवर आपटून मरतात, काउंट्स पॉवरच्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं सॅम्पलच वाईट. उपाय अगदी साधा, न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर टाकून पॉवर दहापट खाली आणा आणि पीक हलतो का बघा. हलला तर अजून खाली. जिथे हलायचा थांबतो तिथे माप घ्या, वेळ जास्त लागेल, लागू दे. पॉवर मीटर ऑब्जेक्टिव्हच्या खाली ठेवून मोजायची, लेझरवर लिहिलेला आकडा नाही.

बेरीज करा, २० अधिक २५ अधिक १०, जवळपास तुमचे ६० झाले. मी हे बसून जुळवलंय असं वाटेल, थोडं आहेच, पण सीव्हीडी सॅम्पलमध्ये साधारण असंच चित्र असतं आणि तीन्ही गोष्टी एकाच दिशेला, खालीच ओढतात, म्हणून एवढा मोठा फरक दिसतो.

मग स्ट्रेन किती आणि डोपिंग किती हे वेगळं कसं काढायचं? पीएलने नाही, रामनने. मोनोलेयरला दोन ठळक पीक, ई-टू-जी साधारण ३८५ वेव्हनंबरला (रामनचं एकक), ए-वन-जी ४०४ ला. ई वाला पीक अणूंच्या आडव्या हालचालीचा, तो स्ट्रेनला लगेच दाद देतो, बायअ‍ॅक्सियलला टक्क्यामागे पाचेक वेव्हनंबर खाली. ए वाला उभ्या हालचालीचा, स्ट्रेनला टक्क्यामागे जेमतेम पावणेदोन, पण इलेक्ट्रॉन भरले की तो मऊ पडतो, आणि ई वाला तेव्हा ढिम्म हलत नाही. हे बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये अजय सूद यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये ट्रान्झिस्टर करून, गेट देत देत मोजून दाखवलं, चौरस सेंटीमीटरला २ गुणिले १० चा १३ वा घात इतक्या इलेक्ट्रॉनला ए पीक साधारण ४ वेव्हनंबर खाली. आपल्याच देशातलं हे काम जगभर कॅलिब्रेशनसारखं वापरतात, तुमच्या थिसिसमध्ये असायलाच हवं. एका अक्षावर ई, दुसऱ्यावर ए, मॅपमधला प्रत्येक पॉइंट टाका, ठिपके एका तिरक्या रेषेवर पसरले तर स्ट्रेन, ए च्या दिशेने पसरले तर डोपिंग, ढग झाला तर दोन्ही.

इथे एक सापळा आहे जो मी बऱ्याच थिसिसमध्ये बघतो. मोनोलेयर आहे हे सिद्ध करायला लोक दोन पीकमधलं अंतर सांगतात, १९ म्हणजे मोनोलेयर, २१-२२ म्हणजे बायलेयर, २५ बल्क. बरोबर आहे, पण स्ट्रेनने हे अंतर वाढतं आणि डोपिंगने कमी होतं. म्हणजे चांगला ताणलेला मोनोलेयर २० च्या पुढे दाखवून बायलेयर असल्याचं सोंग करू शकतो, आणि ताणलेला शिवाय डोप झालेला मोनोलेयर अगदी पुस्तकी १९ दाखवून "माझ्यात काहीच नाही" असं सांगू शकतो. अंतर बघू नका, दोन्ही पीक वेगवेगळे बघा. आणि ०.२ टक्के स्ट्रेन म्हणजे ई पीकमध्ये फक्त एक वेव्हनंबर, मिलिमीटरला ६०० रेघांच्या ग्रेटिंगवर तो हाती लागणार नाही, १८०० चं ग्रेटिंग लावा आणि प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये सिलिकॉनचा ५२०.७ चा पीक येऊ द्या, त्यावरून दुरुस्ती करा. एसी चालू-बंद झाला तरी स्पेक्ट्रोमीटर अर्धा वेव्हनंबर हलतो.

दुसरी तपासणी ट्रान्सफर. वाढवलेला फ्लेक पीएमएमएने (एक पॉलिमर) उचलून तशाच दुसऱ्या वेफरवर ठेवा. वाढीचा स्ट्रेन सुटतो, पीक २० एक मिलिईव्ही वर गेला आणि रामनचा ई पीकही वर गेला तर पहिला संशयित कबूल झाला. ट्रान्सफरने डोपिंगही बदलतं, खाली पाणी अडकतं, वर पॉलिमरचा थर राहतो, म्हणून परत रामन घेतल्याशिवाय निष्कर्ष नको.

पाण्याचं निघालंय तर आपल्या हवेबद्दल बोलायलाच हवं. मे महिन्यात पुण्यात दुपारी हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैमध्ये पाषाणच्या बाजूला कपडे वाळत नाहीत. या मटेरियलच्या पृष्ठभागावर बसलेले ऑक्सिजन आणि पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे एन-टाइप मॉलीचा पीएल हवेत चांगला आणि व्हॅक्यूममध्ये पडलेला दिसतो. क्रायोस्टॅटमध्ये टाकून पंप लावला आणि पीक खाली जाऊन मंद झाला तर सॅम्पल खराब झालं असं नाही, वरचे रेणू उडाले. मेमधला आणि जुलैमधला डेटा एकाच ग्राफवर टाकणार असाल तर निदान दमटपणा वहीत लिहून ठेवा, पंधराशे-दोन हजारांत हायग्रोमीटर मिळतो. आणि वाढीचा रन गुरुवारी, म्हणजे लाईट जायच्या दिवशी, लावू नका हे मी सांगायची गरज नाही, मधेच लाईट गेली की फर्नेस स्वतःच्या मर्जीने थंड होते आणि थंड होण्याचा वेग बदलला की स्ट्रेनही बदलतो.

आता खरं ट्यूनिंग. इथे स्वतःला विचारा की तुम्हाला नक्की काय हवंय, पीकची जागा, उजेड, रुंदी, की मनात येईल तेव्हा पुढेमागे करता येणं? चारही एकत्र देणारा मार्ग नाही. लोक "ऑप्टिकल प्रॉपर्टीज ट्यून केल्या" असं सरसकट लिहितात तिथेच गडबड असते.

पुढेमागे करता येणारी जागा हवी असेल तर वाकवणं. पीईटी किंवा पॉलिकार्बोनेटच्या (प्लॅस्टिकच्या) पट्टीवर फ्लेक, पट्टी वाकवायची, स्ट्रेन म्हणजे पट्टीची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी २५ मिलिमीटर त्रिज्येला वाकवली की बरोबर १ टक्का. एका दिशेच्या स्ट्रेनला मोनोलेयरमध्ये साधारण ४५ मिलिईव्ही प्रति टक्का मिळतात. चार पॉइंटचं बेंडिंग जिग बाहेरून मागवलं तर किंमत ऐकून गप्प बसाल, भोसरीत कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग नेऊन दिलं तर मायक्रोमीटर स्क्रू लावून अ‍ॅल्युमिनियममध्ये करून देतात, फक्त उंची ऑब्जेक्टिव्हच्या वर्किंग डिस्टन्समध्ये बसेल एवढी आधी मोजा, १०० एक्सखाली जागा मिलिमीटरभरही नसते, ५० एक्स लाँग वर्किंग डिस्टन्स घ्या. घोटाळा होतो तो घसरण्याचा. पट्टी १ टक्का ताणली म्हणजे फ्लेक तेवढा ताणला असं नाही, तो घसरतो. कडेला मेटलच्या पट्ट्या टाकून किंवा वरून पातळ पॉलिमर देऊन तो धरून ठेवा, आणि खरा स्ट्रेन रामनमधून काढा, त्रिज्येवरून नाही. शिवाय १ टक्क्याच्या पुढे मोनोलेयरही इनडायरेक्टकडे झुकायला लागतो, पीक सरकतो तसा उजेडही कमी होतो. टंगस्टन डायसेलेनाइडच्या बायलेयरला उलट फायदा होतो, तो मुळात इनडायरेक्ट, ताणला की डायरेक्टच्या जवळ येऊन उजळतो.

गेट दिला तर पीक खऱ्या अर्थाने फार हलत नाही, एक्सायटॉन आणि ट्रायॉनमधली वाटणी बदलते. पण स्विचिंग हवं असेल तर यासारखं दुसरं नाही. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर एका व्होल्टला चौरस सेंटीमीटरमागे ७ गुणिले १० चा १० वा घात इतकेच चार्ज हलतात, ५० व्होल्टला जेमतेम ३.५ गुणिले १० चा १२ वा. तुमचं सॅम्पल मुळातच त्याहून जास्त डोप झालेलं असेल तर गेट कितीही फिरवा, न्यूट्रलला पोचणारच नाही, आणि पुढे व्होल्टेज वाढवलं की ऑक्साइड गळायला लागतो. पातळ एचबीएन, म्हणजे हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड, किंवा आयॉनिक जेल घ्यावं लागतं.

उजेडाचं काय? २०१५ मध्ये बर्कलीच्या लोकांनी मॉलीला टीएफएसआय नावाच्या सुपरअ‍ॅसिडची ट्रीटमेंट दिली आणि एफिशियन्सी एक टक्क्याच्या आतून ९५ टक्क्यांच्या वर नेली. सगळ्यांनी म्हटलं डिफेक्ट भरले. मग २०१९ मध्ये तिथूनच दुसरं काम आलं की अ‍ॅसिड न लावता नुसत्या गेटने इलेक्ट्रॉन काढून टाकले तरी कमी पॉवरला उजेड जवळजवळ शंभर टक्क्यांपर्यंत जातो, डिफेक्ट जिथल्या तिथे असताना. म्हणजे मारेकरी मुख्यतः ट्रायॉन होता. मला हे काम फार आवडतं कारण त्याने "पीएल मंद म्हणजे क्रिस्टल वाईट" ही आपली सवयीची समजूत मोडली. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की उजेड वाढवायच्या आधी फिटमध्ये ट्रायॉनचा वाटा बघा. टीएफएसआय सल्फाइडवर चालतं, सेलेनाइडवर फायदा होत नाही, ते ओल शोषतं आणि हाताला लागलं तर पोळतं, पावसाळ्यात उघड्या टेबलावर तर अजिबात नको.

रुंदी हवी असेल, म्हणजे पीक बारीक, तर वरखाली एचबीएन. ऑक्साइड खडबडीत आणि चार्जने भरलेला, एचबीएन सपाट आणि स्वच्छ, ४ केल्विनला रुंदी काही मिलिईव्हीपर्यंत येते, ऑक्साइडवर तीच कितीतरी जास्त असते. ट्विस्ट, मोआरे (दोन थरांच्या जाळ्या एकमेकांवर येऊन बनणारी मोठी जाळी) वगैरेंकडे जायचं मनात असेल तर एचबीएनशिवाय सुरुवातच करू नका.

एचबीएनवरून डायइलेक्ट्रिकचा, म्हणजे आजूबाजूचा पदार्थ विजेची ओढ किती झाकतो त्याचा, मुद्दा, जो बहुतेक रिव्ह्यूमध्ये उगाच फुगवून सांगतात. मोनोलेयरच्या इलेक्ट्रॉन-होलमधल्या ओढीच्या रेषा बाहेरून, आजूबाजूच्या पदार्थातून जातात, म्हणून बाइंडिंग एनर्जी (ही जोडी फोडायला लागणारी) एवढी मोठी, टंगस्टन डायसल्फाइडला ऑक्साइडवर ०.३२ ईव्ही मोजलेली, गॅलियम आर्सेनाइडला ती ४ मिलिईव्ही असते. बाजूला ग्राफीनसारखं काही ठेवलं की ही ओढ झाकली जाते, बाइंडिंग शेकडो मिलिईव्हीपर्यंत कमी होऊ शकते. मग पीक तेवढा वर जायला हवा ना? नाही, कारण त्याच झाकण्याने खरा बँडगॅपही जवळपास तेवढाच खाली येतो. पगार वाढला आणि घरमालकाने भाडंही तेवढंच वाढवलं, हातात उरतात तेवढेच. पीएलमध्ये तुम्हाला फक्त हातात उरलेलं दिसतं, दहा-वीस मिलिईव्हीचा बदल. म्हणून नुसता पीक बघून "डायइलेक्ट्रिकचा परिणाम नगण्य" असं लिहू नका, आणि डायइलेक्ट्रिकने पीक लांब हलेल अशी आशाही धरू नका. ज्याला गॅप स्वतः बघायचाय त्याने रिफ्लेक्टन्स (पांढरा उजेड टाकून परत आलेला मोजणं) घेऊन एक्सायटॉनच्या वरच्या, टू-एस वगैरे पायऱ्या शोधाव्यात, त्यांच्यातलं अंतर लगेच बदलतं.

रिफ्लेक्टन्स तसाही घ्याच. हॅलोजन दिवा, फायबर आणि तुमचा आहे तोच स्पेक्ट्रोमीटर, दिव्याचं सर्किट बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरून उभं करता येतं. फ्लेकवरचा आणि शेजारच्या रिकाम्या ऑक्साइडवरचा उजेड मोजून फरक काढायचा. पीएल सगळ्यात खालच्या, घाणेरड्या स्टेट्सना झुकतं माप देतो, रिफ्लेक्टन्स मूळ एक्सायटॉन दाखवतो. दोघांतलं अंतर जास्त असेल तर ट्रायॉन किंवा डिफेक्ट. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर इंटरफेरन्समुळे आकार तिरका येतो, तिथे डोळ्याने पीक वाचू नका, ट्रान्सफर मॅट्रिक्सने (थराथराने उजेडाचा हिशोब करायची गणिती पद्धत) मॉडेल करून काढा. इथे ए शेजारी बी एक्सायटॉनही नीट दिसतो, मॉलीत दीडशे मिलिईव्हीच्या आसपास वर, टंगस्टनवाल्यांत ४०० च्या.

दोन वेगळे मोनोलेयर एकावर एक ठेवणं हा मोठा विषय आहे, इथे धावतं सांगतो. मोलिब्डेनम डायसेलेनाइडवर टंगस्टन डायसेलेनाइड ठेवलं की इलेक्ट्रॉन एका लेयरमध्ये, होल दुसऱ्यात, आणि १.३५ ते १.४ ईव्हीला नवा पीक, जो दोघांपैकी कुणाचाच नाही. या इंटरलेयर एक्सायटॉनला उभा डायपोल असतो, सुमारे ०.६ नॅनोमीटरचा, म्हणून लेयरला उभं फील्ड ०.१ व्होल्ट प्रति नॅनोमीटर दिलं की ६० मिलिईव्ही हलायला हवेत. मोनोलेयरमध्ये हे होत नाही, तिथे उभा डायपोलच नसतो. ट्विस्ट १ अंश ठेवला तर मोआरेची जाळी सुमारे १९ नॅनोमीटरची. ऐकायला छान, पण अँगल अर्ध्या अंशाच्या आत आणणं, मध्ये बुडबुडे न येऊ देणं, पीक ९०० नॅनोमीटरला असल्यामुळे सिलिकॉन सीसीडीच्या (स्पेक्ट्रोमीटरचा कॅमेरा) उतरत्या भागात काम करणं, हे सगळं आधी बघा. टेल्युराइडकडे गेलात तर मोलिब्डेनम डायटेल्युराइड १.१ ईव्ही, म्हणजे ११०० नॅनोमीटरच्या पलीकडे, तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टरच लागतो. आपल्या इमारतीत नसेल तर पाषाण रोडवर आणि गणेशखिंडच्या बाजूला एवढ्या संस्था आहेत, विचारून बघा, पण स्लॉट मिळेपर्यंत वाट बघावी लागते हे धरून प्लॅन करा.

आता गाइडचा अ‍ॅलॉय. सल्फर आणि सेलेनियम मिसळून वाढवलं की पीक मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या १.८५ पासून डायसेलेनाइडच्या १.५५ पर्यंत सलग हलवता येतो, ३०० मिलिईव्ही, दुसऱ्या कुठल्याच मार्गाने एवढी रेंज निवांत मिळत नाही. मोलिब्डेनम-टंगस्टन मिसळलं तर मात्र सरळ रेषेत जात नाही, मध्ये खाली झोळ पडतो, काही मिश्रणांत पीक दोन्ही टोकांपेक्षा खाली. अ‍ॅलॉय कायमचा असतो, पाणी, पॉलिमर, हवा यांनी तो बदलत नाही. अडचण एवढीच की एकदा वाढवला की मागे येता येत नाही, आणि सेलेनियमला हायड्रोजन लागतो, तो आल्यावर सल्फरची वाफही वेगळी वागते, दोन बोटी (पावडर ठेवायची भांडी), दोन तापमानं. एका ट्रँगलच्या मध्यात एक प्रमाण आणि कडेला दुसरं असंही होतं, आणि ते स्ट्रेनसारखंच दिसतं.

म्हणून गाइडचं ऐकायचंय, पण क्रम बदलून. आधी शुद्ध मॉलीचा एक ट्रँगल, कमी पॉवरला, पीएल आणि रामनचा मॅप, मग ट्रान्सफर करून तोच ट्रँगल परत. यातून तुमच्या फर्नेसचा आणि तुमच्या वेफरचा स्वतःचा शिफ्ट हाती येईल. तो हाताशी नसताना अ‍ॅलॉय केला आणि पीक १.७६ ला आला तर त्यातले किती या तिघांचे आणि किती सेलेनियमचे हे सांगता येणार नाही, आणि प्रमाण काढायला मग ईडीएस (एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) लावावं लागतं जे मोनोलेयरवर, खाली सिलिकॉन असताना, मोलिब्डेनम आणि सल्फरचे पीक एकमेकांवर चढत असताना, आकडा नीट देत नाही. एक्सपीएस (पृष्ठभागातून निघालेल्या इलेक्ट्रॉनवरून मूलद्रव्यं मोजणं) किंवा रामनचे अ‍ॅलॉयवाले पीक बरे. सगळं सफायरवर हलवता आलं तर त्याहून बरं, स्ट्रेनचा भाग जवळजवळ निघूनच जातो, मग उरतं ते डोपिंग आणि सेलेनियम, आणि ते दोन वेगळे करणं रामनला जड नाही.